आडवी सोंगटी

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवासमोर हात जोडूनसुद्धा नाही. देवाला काय सांगायचं? तो काय आमच्या ह्यांना कामावर लावणार होता? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या छत्रीबागेतले नाही. उठून कुसुमच्या दारात जाऊन सांगणार नाही. आणि सांगितलंत तरी सांगा, भिया, भाऊ माझे — या वयात मी कोणाला भिऊ?

आधी चौपडीचं सांगते. नाही, टाळत नाहीये. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दुपारी आमच्या गल्लीत बायकांची चौपड बसायची. म्हणजे आपल्या सोंगट्याच, कापडी पट आणि कवड्या. घरमालकीण जीजी — माळव्यातली, तोंडाने फटकळ, मनाने बरी — आणि तिची सून एका बाजूला. मी आणि कुसुम दुसऱ्या. कुसुम माझी जोडीदारीण, कारण आमचे नवरे एका मिलमध्ये, एका खात्यात, दोघंही फिटर. लागले बरोबर, लग्नं एका वर्षात, आणि भांडले तर रात्रीच्या जेवणाच्या आत बोलायला लागायचे.

तर सोंगटी सगळा पट फिरून आपल्या मधल्या रांगेत आली की तिला कोणी मारू शकत नाही. आम्ही ती आडवी निजवायचो. मग नेमकं दान पडलं की ती घरात जाते. पण आमच्याकडे रीत अशी, की चारही घरात गेल्या की तुमचा हात संपला. एक जरी बाहेर असेल तर तुमचं दान जोडीदारणीला देता येतं. म्हणून शेवटची सोंगटी कोणी घाईने आत नेत नाही. नेमकं दान पडलं तरी सोडायचं, सोंगटी आडवी ठेवायची आणि आपल्या कवड्यांवर जोडीदारणीला घरी आणायचं. कुसुम माझ्यासाठी अशी किती वेळा थांबली असेल! हसत थांबायची. मी तेवढी हसत नव्हते, पण थांबायचे.

मग मिलचा भोंगा बंद झाला. आज उघडेल, उद्या उघडेल, दिल्लीहून कोणी येणार आहे, बाहेरचा कोणी विकत घेणार आहे — गेटवर रोज नवी खबर. हे सकाळी गेटवर जायचे आणि दुपारी परत. पुढेपुढे जाणंही सोडलं. घरात बसून माझ्या फोडणीत तेल किती पडतं ते बघायला लागले. ज्या माणसाला चहाची पत्ती कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं, तो मला सांगायचा, 'जरा हात आखडता घे.' मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. कीव जास्त वाईट. नवऱ्याची कीव करत संसार होतो का, सांगा मला?

एके दिवशी माझा मावसभाऊ आला. सांवेर रोडवर पाइपच्या फॅक्टरीत त्याची ओळख होती. तिथला मालक म्हणाला होता, दोन फिटर पाठवा, महिनाभर दोघांचं काम बघतो, मग एकाला पक्कं करतो. ह्यांचा चेहरा बघायला हवा होता! पहिलं वाक्य काय, तर 'दिन्याला पण घेऊन जातो.' दिन्या म्हणजे कुसुमचे दिनकर भाऊजी; ते त्या दिवशी देवासला गेले होते, काम शोधायलाच. हे भावाबरोबर लगेच निघाले, फॅक्टरी बघून यायला. जाताना चपला घालत मला म्हणाले, 'कुसुम दुपारी येईलच चौपडीला. तिला सांग, उद्या सकाळी दिन्याला तयार ठेव, दोघं बरोबर जाऊ.'

एवढाच निरोप होता.

मी काय विचार केला ते सांगते, लपवत नाही. मिलमध्ये मशीन अडलं की साहेब आधी म्हणायचे, दिनकरला बोलवा. वसंताला, म्हणजे आमच्या ह्यांना, नंतर. ह्यांनाही ते ठाऊक होतं, पण त्यांना त्याचं काही वाटायचं नाही — मित्र ना! मला वाटायचं. महिन्याने पक्कं कोणाला करतील, हे मला चपलांचा आवाज गल्लीत विरायच्या आतच कळलं होतं.

कुसुम आली. सोबत वाटीत थोडे शेंगदाणे, तेवढेच उरले असणार. बसल्या बसल्या म्हणाली, 'शालू, कुठे काही कळलं का ग? ह्यांना आता कुठलंही काम चालेल.' मी कवड्या खुळखुळवल्या आणि म्हटलं, 'नाही बाई, कुठे काय.'

डाव पुढे सरकला. माझ्या तीन घरात, चौथी दाराशी आडवी. कुसुमच्या दोन अजून बाहेर, जीजीच्या तोंडाशी. मला दोन हवे होते, दोनच पडले. दान सोडायचं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मी सोंगटी उचलली आणि आत ठेवली. का? मला उठायचं होतं. तिच्यासमोर आणखी अर्धा तास बसले असते तर बोलून गेले असते. निरोप ओठांवर होता.

'अगं, आत का नेलीस?' कुसुम म्हणाली. 'मी एकटी पडले ना!'

जीजी कशाला सोडते! 'वा री शालू! साथवाली को बीच में छोड़ के चल दी?'

'जाऊ द्या हो जीजी,' कुसुमच म्हणाली, 'पडलं दान तर काय करेल ती?' दान सोडता येतं हे तिलाही माहीत होतं. तरी माझी बाजू घेतली. मग जीजी आणि तिच्या सुनेने मिळून कुसुमच्या सोंगट्या मारल्या. मी तोवर घरी येऊन कणीक मळत होते.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच हिचा गुन्हा. नाही हो. गप्प राहणं काय, कोणीही राहतं. संध्याकाळी हे परत आले, खुशीत, आल्या आल्या विचारलं, 'सांगितलंस?' तेव्हाही म्हणता आलं असतं — विसरले, आता जाऊन सांगा. चार घरं सोडून तर राहायचे ते! मी म्हटलं, 'सांगितलं. भाऊजी देवासहून आल्यावर येऊन गेले मघाशी. म्हणाले, मिल उघडणार आहे. वसंताला पाइपवाल्याच्या दारात उभं राहायचं असेल तर राहू दे, मी नाही येणार.'

शब्द न् शब्द माझा. आणि असा बेमालूम बसवला की दिनकर भाऊजींचा आवाज यावा! ह्यांचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, 'दिन्या असं बोलला?' आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे एकटे गेले. महिन्याने पक्के झाले. दिनकर भाऊजींना गल्लीतून कळलं, की वसंता गुपचूप जाऊन चिकटला. दोघंही मानी. एकाला वाटलं मित्राने अपमान केला, दुसऱ्याला वाटलं मित्राने दगा दिला. समोरासमोर आले की एक जण खिशात काहीतरी शोधायचा, दुसरा आकाशाकडे बघायचा. मी हे ओट्यावरून बघितलंय, आणि आत जाऊन भात उतरवलाय.

पुढे कुसुमची मंडळी गौतमपुऱ्याला गेली, दिराच्या शेतीवर. भाऊजी तिथे पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. उपाशी मेले नाहीत. पण त्यांच्या मुलीचं, सुनीताचं, कॉलेज सुटलं आणि माझा पोरगा इंजिनियर झाला. तेही बोलून टाकते, नाहीतर म्हणाल आपल्या सोयीचं तेवढं सांगितलं. आणि ऐकायचंच असेल तर हेही ऐका: ती दुपार परत आली तर मी परत गप्प बसेन. माझ्या पोराच्या ताटातलं काढून मी कोणाला वाढणार नाही. म्हणा मला काय म्हणायचं ते.

पण एक गोष्ट आहे, तिथे माझी ही अकड चालत नाही. हे शेवटच्या आजारात होते तेव्हा दोनदा म्हणाले, 'दिन्याला बोलव. एकदा विचारायचंय, असं का बोललास.' मी म्हटलं, 'पाठवलाय निरोप.' पाठवला नव्हता. कसा पाठवणार? दोघं दोन मिनिटं बोलले असते तरी सगळं उघडं पडलं असतं. हे दाराकडे बघत राहिले. पायरीवर पाऊल वाजलं की मान वळवायचे. तिसऱ्या दिवशी गेले. मित्र बोलावूनही आला नाही, हे मनात घेऊन गेले. तेव्हा कोणाच्या ताटाचा प्रश्न नव्हता. फक्त मी होते आणि माझं नाक होतं.

गेल्या दिवाळीला कुसुम आली होती, दोन दिवस राहिली. पट काढला, तिच्या-माझ्या दोन्ही सुनांना समोर बसवलं. माझी शेवटची सोंगटी दाराशी आडवी होती. नेमकं दान पडलं, मी सोडलं. परत पडलं, परत सोडलं. 'आता बरी थांबतेस ग,' कुसुम हसली. मग कवड्या मुठीत घेऊन म्हणाली, 'शालू, हे अजून म्हणतात बघ, की वसंताने तेव्हा मला एका शब्दाने सांगितलं असतं, तर मी काय त्याच्या आड आलो असतो?'

भाऊजी जिवंत आहेत. कान शाबूत आहेत. गौतमपुरा काही लांब नाही.

मी म्हटलं, 'कुसुम, दान तुझं आहे. टाक.'