कांद्याचा केक

वैजापूरहून भावानं कांद्याची गोणी पाठवली आणि श्रावण लागेपर्यंत निम्म्या कांद्यांना कोंब फुटले. टाकून द्यायचं जिवावर आलं. तेवढ्यात मोबाईलवर कुणीतरी कांद्याचा केक करताना दिसलं आणि माझ्या अंगात आलं. त्याच आठवड्यात सासूबाईंचा वाढदिवस होता.

सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून मी अंड्याऐवजी दही घातलं. कांदे तुपावर पार गोड होईपर्यंत परतले. केक खालच्या मजल्यावरच्या भाभींच्या ओव्हनमध्ये भाजला. एवढी काळजी घेणारी सून अख्ख्या संभाजीनगरात सापडायची नाही, असं निदान मला तरी वाटत होतं.

सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. "लई ग्वाड लागतोय," म्हणाल्या. एखादी शहाणी तिथंच गप्प बसली असती. मला मात्र तेवढं कौतुक पुरेना.

"ओळखा बघू, यात काय घातलंय?"

सासूबाई म्हणाल्या, खजूर. भाभी म्हणाल्या, अंजीर. मी टाळी वाजवून सांगितलं, "कांदा!"

तिसऱ्या तुकड्याकडं गेलेला सासूबाईंचा हात तिथंच थांबला. तेव्हा कुठं मला आठवलं. चातुर्मासात त्या कांद्याला शिवत नाहीत. म्हणूनच तर त्याआधी, कांदेनवमीला, त्यांना पोटभर भजी मीच तळून घातली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी त्या तुकड्याकडं एकवार पाहिलं आणि ताटली बाजूला सरकवली.

"अगं, पण सांगितलंस कशाला?"