वांग्यांभोवतीचं जाळं

वरंधहून महाडला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. मांडीवर मासेमारीचं जुनं जाळं. शेतातल्या वांग्यांभोवती लावलेलं ते जाळं तो महाडच्या कोळ्याला परत करायला निघाला होता. गाठींत चिकटलेले धामणीचे खवले नखाने काढून खिडकीबाहेर टाकत होता.

"डोंगरावर प्लॉट पडले नि डुकरं खाली आली, म्हनून लावलं. डुकरं काय थांबली नाय, धामण मात्र अडकून मेली. उंदीर कोन खानार आता?"

त्याने जाळं टॉवेलखाली झाकलं.

"लाज वाटते रे. तू कुठं चाललास?"

मी तसलंच जाळं आणायला चाललो होतो.

"दवाखान्यात," मी म्हणालो.

त्याने लगेच माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.