तळहातावर चोळलेला पोंक

थंडीत सुरतच्या पर्वत पाटिया भागात पोंकाची, म्हणजे हुरड्याची, भट्टी लागली, की ज्वारीच्या भाजत्या कणसांचा धुरकट, गोडसर वास येतो आणि मी तिथून पटकन पुढे सरकतो.

सुरतेतला तो माझा पहिला हिवाळा. सुट्टीच्या दिवशी मी राहायचो त्या उधन्याहून पायी निघायचं आणि दिसेल ते खायचं, हा माझा छंद. गावाहून आई आली होती, म्हणून तिलाही नेलं. सोबत माझ्या गिरणीतले दोन गुजराती मित्र होते. भट्टीपाशी एक बाई भाजलेली कणसं कापडात गुंडाळून काठीने बडवत होती. आईला ते बघवेना. ती तिथेच धुळीत बसली आणि गरम कणीस तळहातावर चोळू लागली.

"हातवर चोय बाई, दाना फुटत नही," ती आमच्या अहिराणीत म्हणाली.

मित्र हसले. ते मला लागलं.

"ऊभी था," मी आईला गुजरातीत म्हणालो, ऊठ म्हणून.

तिला गुजराती येत नव्हती, तरी ती लगेच उठली. ओंजळीतले हिरवे दाणे तिने माझ्या हातात ठेवले. मी ते मित्रांना वाटले.

त्यातला एक अजूनही म्हणतो, तसा पोंक पुन्हा खाल्ला नाही. आईने मात्र तो चाखलाच नव्हता. मी तिला विचारलंच नाही.