सकाय म्हणजे उद्या

आमच्या विद्यापीठाच्या गेटजवळ एक काळा फळा आहे. वर पांढऱ्या रंगात ‘आगामी कार्यक्रम’ असं कायमचं रंगवलेलं, आणि खाली रंगीत खडूंनी मी लिहितो. अक्षर बरं आहे म्हणून पहिल्या वर्षीच हे काम माझ्याकडे आलं. कधी युवक महोत्सव, कधी केळीवरच्या रोगांचं व्याख्यान, कधी कबड्डीचे सामने. जाता-येता मुलं थांबून वाचतात, तेव्हा मला बरं वाटतं. पण या फळ्याशी जोडलेली एक गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही. घरी नाही, वसतिगृहात नाही — आणि ज्याला सांगायला हवी होती त्यालाही नाही. त्याला सांगायची गरज नव्हती म्हणा. त्याला ती माहीत आहे.

कुठून सुरू करू? भटूपासूनच करतो.

भटू शिंदखेड्याकडचा, मी पहूरचा. कॉलेजात आलेला मी घरातला पहिला, तो त्याच्या घरातला पहिला. सुरुवातीला दोघंही बावरलेले होतो, म्हणून खोलीत एकमेकांना धरून राहिलो. बाहेरच्यांना वाटतं, खान्देशात सगळे सारखंच बोलतात. तसं नाही. आमच्याकडे ‘सकाय’ म्हणजे सकाळ. भटूच्या अहिराणीत ‘सकाय’ म्हणजे उद्या. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला होता, “सकाय बजारमां जाऊत, भो.” दुसऱ्या दिवशी मी पहाटे अंघोळ करून गेटवर उभा राहिलो. हा आला संध्याकाळी! पोट धरून हसलो होतो दोघं. नंतर वर्षभर तो सगळ्यांना सांगायचा, “याले सकाय नका सांगा, हाऊ कोंबडानी संगे उठी जास!”

हे एवढं सांगितलं, कारण तुमच्या लक्षात राहायला हवं — त्या शब्दाचे दोन अर्थ मला माहीत होते. नीट माहीत होते.

भटू पळायचा. मला मैदानावर ओढत नेलं तेही त्यानेच. “तू फक्त मन्हा मांगे ये,” म्हणायचा, आणि मी त्याच्या टाचांकडे बघत पळायचो. हळूहळू असं झालं की त्याच्या मागे दुसरा मीच असायचो. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी संघात एकच मुलगा घेणार होते. कोण घेतला जाणार, यात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

मग मी नानांना फोनवर का सांगितलं, की माझी निवड झाली? नाना म्हणजे माझे वडील. ते दर फोनला विचारायचे, तिकडे काय चाललंय? त्यांना दुसऱ्याला सांगता येईल असं माझ्याकडे काही नसायचं. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. चाचणी व्हायची होती आणि मी निवडलो गेलो होतो! नानांनी केळी भरायला आलेल्या ट्रकवाल्यालासुद्धा सांगितलं. मी त्यांना अडवलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त असं झालं होतं.

चाचणी शनिवारी होती. गुरुवारी संध्याकाळी क्रीडा विभागाच्या सरांनी मला बोलावलं. महोत्सवाचे मांडववाले शनिवारी मैदानात खड्डे खणणार होते, म्हणून चाचणी शुक्रवारीच सकाळी. “मुलांना सांग, आणि फळ्यावर लिही,” सर म्हणाले. मी खोल्याखोल्यांत जाऊन सांगितलं. भटू गावाहून शेवटच्या एसटीने आला आणि आडवा झाला. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन. ग्रुपवरचा निरोप त्याला दिसणार नव्हता. त्याचा ग्रुप मीच होतो.

शुक्रवारी उजाडताना आम्ही नळावर होतो. तोंडात ब्रश धरून त्याने विचारलं, “चाचणी कव्हय शे, भो? काही बदल शे का?”

मी म्हणालो, “सकाय.”

एकच शब्द. खोटा होता का तो? माझ्या बोलीत तर खराच होता — त्याच सकाळी होती चाचणी. मी मनाशी हे असंच मांडलं, नळ चालू असतानाच. एवढ्या पटकन माझं डोकं परीक्षेतसुद्धा चाललेलं नाही.

त्याने चूळ भरली. “मंग आज धुये जाई येस मी,” म्हणाला आणि धुळ्याच्या एसटीला निघाला. गेटवरूनच जाणार होता. म्हणून मी खडू घेऊन लगेच गेलो नाही. कडेला थांबलो, त्याची एसटी वळेपर्यंत बघत राहिलो, आणि मग फळा लिहिला. ‘आज सकाळी.’ छान वळणदार अक्षरात.

चाचणीत मी पहिला आलो. समोर कुणाच्या टाचा नव्हत्या.

दुपारी भटू परत आला तो कापडी पिशवी घेऊन. धुळ्याला त्याचा मावसभाऊ राहतो. त्याचे जुने खिळ्यांचे बूट आणायला गेला होता. ते भटूच्या मापाचे नव्हते. माझ्या मापाचे होते. पिशवी माझ्या कॉटवर ठेवत तो म्हणाला, “घाली देख.” तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या पोराने दारातून विचारलं, “अरे, सकाळी कुठे होतास? झाली की चाचणी!”

मग आम्ही सरांपुढे उभे राहिलो. आणि मी म्हणालो, “सर, मी ‘सकाय’, म्हणजे सकाळी, असंच सांगितलं होतं. त्याच्या अहिराणीत त्याचा अर्थ उद्या होतो, हे मला काय माहीत?”

सर हसले. “विद्यापीठात आलात, आता तरी नीट मराठी बोला रे!” तिथली मुलंही हसली. हसणाऱ्यांत मीही होतो.

भटूने माझ्याकडे बघितलं. बाजाराची ती संध्याकाळ त्याला आठवली, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो बोलला असता तर मी संपलो असतो. तो सरांना म्हणाला, “यानी सांगेल व्हतं, सर. मन्ही चूक शे.”

बूट त्याने परत मागितले नाहीत. संघातून मी त्याच बुटांत पळालो आणि फार मागे राहिलो. नानांनी माझा फोटो मात्र घराच्या दर्शनी भागात लावला आहे. अजून तिथेच आहे.

भटूने भांडण केलं नाही. खोली बदलली, एवढंच. वसतिगृहात सगळ्यांशी तो अहिराणीच बोलतो. मेसच्या मावशींशी, नव्या पोरांशी, सरांशीसुद्धा. फक्त माझ्याशी बोलताना तो शुद्ध मराठी बोलतो. साहेबाशी बोलावं तसं. ‘भो’ नाही, ‘शे’ नाही.

या आठवड्यात पुन्हा महोत्सव आहे, वक्तृत्व आहे, मैदानी स्पर्धा आहेत. आज दुपारी मी फळा लिहीत होतो. मागून आवाज आला.

“धावण्याची चाचणी कधी आहे?”

“उद्या,” मी म्हणालो. “उद्या सकाळी.”

“धन्यवाद,” भटू म्हणाला.

पुढे गेटवर वॉचमनकाका बसले होते. तो त्यांच्यापाशी थांबला. “काका, सर काय म्हणनात? चाचणी सकायच शे ना?” काकांनी मान हलवली, तेव्हा तो गेला.

मी फळ्यावर तेच लिहीत होतो.