वसंतभाऊंचं सोनं खरं होतं

ती अंगठी पांढरी पडली ती माझ्यामुळे. बायकोलाही हे कधी बोललो नाही. आर्णीचे सोनार वसंतभाऊ गेल्याचं शाळेच्या ग्रुपवर वाचलं, त्याला आता तीन आठवडे झाले. हात जोडलेली चित्रं एकामागून एक येत होती. मीही एक टाकलं आणि चपला घालून उगाच बसस्टँडपर्यंत जाऊन आलो. घरात बसवेना... अजूनही बसवत नाही.

शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा धातू-अधातूंचे भौतिक गुणधर्म मी फळ्यावर तक्ता काढून उरकायचो. वसंतभाऊंची मुलगी माझ्या वर्गात होती. तिची वही पाहून त्यांनी मला दुकानासमोर थांबवलं. "सर, तुमच्या पुस्तकातलं सोनं कोनाच्या कानात हाय? मले बोलवा, मी दाखवतो." मग दरवर्षी ते ऐरण आणि हातोडी पिशवीत घालून यायचे. चांदीचा मणी ठोकून ठोकून बेलाच्या पानाएवढा करायचे. मग गंधकाचा खडा ऐरणीवर ठेवायचे. एका टोल्यात भुगा. भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून तांब्याची तार ओढत इतकी बारीक करायचे की ती मागच्या बाकापर्यंत पोचायची. वर्धनीयता, तन्यता हे शब्द मी नंतर लिहायचो, तोवर मुलांना ते कळलेले असत.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मुख्याध्यापक प्रयोगशाळेत आले आणि हात धुण्यासाठी त्यांनी नवी अंगठी टेबलावर काढून ठेवली. ती वसंतभाऊंनीच घडवलेली. सकाळी माझ्या हातून थर्मामीटर फुटला होता. पाऱ्याचे थेंब कागदाने गोळा केले होते, सगळे नाही. पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे मला ठाऊक होतं. थेंब अंगठीला चिकटलेला मी पाहिला, आणि त्यांनी ती बोटात घालेपर्यंत गप्प राहिलो. एक थर्मामीटर फुटल्याचं कळलं असतं, एवढंच. पण मला कायम करण्याचा शेरा त्यांच्या हातात होता.

दोन दिवसांत गावभर झालं, वसंतने सोन्यात चांदी घातली. त्यांनी चार लोकांसमोर अंगठी तापवली, पारा उडाला, घासल्यावर ती पुन्हा पिवळी झाली. लोक म्हणाले, मुलामा दिला. तेव्हा ते माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"सर, हा पारा हाय. सोनं खोटं नाही. तुमी सायन्सचे, एक डाव सांगा. लोक तुमचं आयकतीन."

"पाहतो," मी म्हणालो.

"कुठून लागला असन?"

"काय माहीत..."

ते दाराकडे वळले. "पारा बी अजबच. धातू म्हनावं, तं हातात थांबत नाही," म्हणाले, आणि गेले.

लग्नाची गिऱ्हाइकं यवतमाळला जाऊ लागली. वसंतभाऊ पैंजणांचे घुंगरू जोडण्यावर आणि पॉलिश करण्यावर आले. तरी पुढच्या वर्षी धड्याच्या दिवशी ते पिशवी घेऊन दारात उभे. आज वर्गासमोर विचारतील, असं मला वाटलं. नाही विचारलं. त्यानंतरही कधी नाही. त्यांना कळलं होतं का? सकाळी वाटतं, हो. संध्याकाळी वाटतं, कळलं असतं तर माझ्या वर्गात पाय कशाला ठेवला असता... मी कायम झालो. मुख्याध्यापक निवृत्त झाले. मी आजही रोज त्या दुकानाची गल्ली टाळून, लांबच्या रस्त्याने शाळेत जातो.

प्रयोगशाळेच्या खणात वसंतभाऊंनी गेल्या वर्षी ओढलेली तांब्याची तार आहे, पेन्सिलीवर गुंडाळलेली. परवा तो धडा आला. तार मुलांच्या हातात दिली. एकीने विचारलं, कुणी केली? मी नाव सांगितलं. पुढचं सांगता आलं नाही, तास संपायला वेळ होता तरी.

हे छापून आल्यावर गाव वाचेल. पण वाचणं वेगळं. वसंतभाऊंच्या मुलीच्या घरी जाऊन, तिच्यासमोर उभं राहून, तुझ्या बाबांचं सोनं खरं होतं आणि मला ते तेव्हाच माहीत होतं, हे सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.