पर्सची चेन

"पर्सा सांभाळा गं. हे म्हणजे इथले पारधी."

आमच्या मराठी मंडळाचा प्रसाददादा हसत, मोकळ्या आवाजात, मराठीत बोलला. चर्चच्या हॉलमध्ये. आम्ही मंडळातर्फे आणलेल्या तांदळाच्या गोणी समोरच ट्रॅव्हलर बायका उतरवून घेत होत्या. आमच्यातल्या दोघीतिघी खुदकन हसल्या. आणि माझा हात आपोआप माझ्या पर्सकडे गेला. चेन ओढली मी. बंद केली.

मी फासेपारध्याची पोर.

हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. आमचं आडनाव पवार. त्या आडनावावर डब्लिनमध्ये दीड वर्ष निभावून नेलं. कुणी खोलात शिरायला लागलं की मी विषय बदलायची. सँट्री या उपनगरातली माझी खोली श्वेताच्या फ्लॅटमध्ये, आणि श्वेता मंडळाची सेक्रेटरी. मास्टर्सचा थीसिस बाकी. ती खोली गेली तर लॉकडाऊनमध्ये मला दुसरी कोण देणार होतं?

खरं तर त्याच हॉलनं मला जगवलं होतं. २०२०मध्ये रेस्टॉरंट बंद पडलं, माझं भांडी घासायचं काम गेलं, तेव्हा मी तिथे शिध्याच्या पिशवीसाठी रांगेत उभी राहिले. ट्रॅव्हलर म्हणजे इथली पिढ्यान्‌पिढ्या भटकत आलेली जमात. दुकानात शिरले की सिक्युरिटीवाला मागे मागे. चर्चनं हॉल दिला, व्हॅन दिली. बाकी सगळा कारभार त्यांच्याच बायकांचा. साठीची मॅगी त्यांची म्होरकी. फादरसुद्धा तिला विचारून चहाची किटली ठेवायचे. नियम एकच, पिशवी नेणाऱ्यानं पुढच्यासाठी एक भरून जायची. भीक घेतली असं कुणाला वाटायला नको म्हणून. मी पहिल्या दिवशी भरली आणि मग दर शनिवारी जातच राहिले. मंडळाला मदतीची गळ मीच घातली. त्यांना तिथे मीच घेऊन आले. काय अक्कल माझी.

त्या दिवशी मंडळाची माणसं गेल्यावर मॅगीनं विचारलं, तो हसत काय म्हणाला. मी सांगितलं, हॉल छान आहे म्हणाला. "ग्रँड," म्हणजे छान, एवढंच बोलली ती आणि गोणीची शिवण उसवायला लागली.

शाळेत कंपासपेटी हरवली की गुरुजी पहिलं माझं दप्तर उलटं करायचे, सगळ्या वर्गासमोर. गावात कोंबडी गेली तरी पोलीस बापाला न्यायचे. एकदा भाकरी खाताना उचलला. परत आला तेव्हा त्याला मांडी घालून बसता येत नव्हतं. मला रडू नाही आलं. लाज वाटली. कुणाची? पोलिसांची नव्हे, बापाची. हे सांगताना आज माझीच मला किळस येते.

मधल्या आठवड्यात श्वेतानं ग्रुपवर टाकायला चार ओळी मागितल्या, 'वंचितांना मदतीचा हात' वगैरे. मी लिहिल्या. हो, लिहिल्या. वर प्रसाददादाचे आभार मानले.

शनिवारी मॅगीला सगळं सांगून टाकलं. तो काय बोलला ते, आणि मी कोण ते. वाटलं होतं, म्हणेल, जाऊ दे पोरी. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्याचं बोलणं मला कळलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझा हात मात्र मी बघितला."

मग वळून पुन्हा पिशव्या भरायला लागली. मीही भरत राहिले.

त्याच दुपारी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "मी फासेपारधी आहे. गेल्या शनिवारी प्रसाददादा जे बोलला ते माझ्या माणसांबद्दल बोलला. मी गप्प बसले, आता बसणार नाही." सगळ्यांनी वाचलं. तासाभरानं कुणीतरी मोदकांचा फोटो टाकला, त्याला भराभर लाल बदाम पडले.

संध्याकाळी श्वेता माझ्या दारात आली. "तसं काही नाही गं, पण माझी बहीण यायचीय. महिनाअखेरपर्यंत दुसरं बघशील का?"

बहीण नागपुरात. विमानं जवळपास बंद. पण लीज श्वेताच्या नावावर, मी काय करणार? मंडळातल्या ओळखीच्यांना फोन लावले. कुणी उचलेना. बॅग भरता भरता भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू?

जाईन मी. पण पुढची खोली बघायला गेले की उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी सांगणार, मी पारधी. ज्याला नाही म्हणायचंय त्यानं तिथेच म्हणावं, माझ्या तोंडावर. लपून कुणाच्या घरात राहायची नाही मी आता.