वाकळांमधली जागा

मिरजेच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते. गावातून रोज एस.टी.नं जाते आणि एस.टी.नंच येते. माझा स्वभाव तापट आहे, हे दवाखान्यात, गावात आणि घरात सगळ्यांना माहीत आहे. ऊठसूट कुणाचं कौतुक करणं मला जमत नाही. शाल-नारळ घेऊन फोटोसाठी उभी राहिलेली माणसं बघितली की माझ्या कपाळावर आठ्या पडतात. म्हणून आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचं कौतुक तोंडदेखलं नाही, एवढं आधीच सांगून टाकते.

कृष्णेकाठी आमच्या गावाखाली मळी आहे. पुराचं पाणी गाळ आणून टाकतं आणि ओसरल्यावर जी काळीभोर, सपाट, उघडी जमीन मागे राहते ती मळी. तिच्यावर घर नाही, कुंपण नाही. उन्हाळ्यात कुणी काकड्या लावतं, पोरं क्रिकेट खेळतात, म्हशी डुंबून आल्या की तिथंच अंग वाळवतात. कुणाच्या घरी दहावा असला की कावळ्याची वाट बघत माणसं तिथंच ताटकळतात. पावसाळ्यात नदी फुगली की आधी मळीवर पसरते. तिथं ऐसपैस पसरायला मिळतं म्हणून एरवी ती घरांकडे येत नाही. मोठ्या पुराची गोष्ट वेगळी, तेव्हा तिनं कुणालाच सोडलं नव्हतं.

मळीला लागून खालची आळी. तिथली बहुतेक घरं बौद्धांची. नदीकडून येताना पहिलं घर लागतं ते कंडक्टरबाईंचं. सांगलीच्या गाड्यांवर तिकिटं फाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्या तरी गावानं त्यांचं नाव काही बदललं नाही. माझी त्यांची ओळख गाडीतलीच. ‘सरका पुढं, जागा हाय!’ ही त्यांची हाक. गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी त्या ती इतक्या ठामपणे द्यायच्या की माणसं निमूट सरकायची आणि खरंच जागा व्हायची. मोठ्या पुरात त्यांचं घर पत्र्यापर्यंत बुडालं, मागची भिंत बसली. पाय पसरून बसायच्या वयात त्यांनी ते घर पुन्हा उभं केलं. विटांवर पाणी मारायला पहाटे स्वतः उठायच्या.

अशात आमच्या गावच्या एका जावयानं मळीच्या वरचं रान घेतलं. त्याला तिथं लग्नाचं लॉन करायचं होतं. त्याला कुणाची हरकत नव्हती, लग्नं तर होणारच. पण लॉनला रान पुरेना, तेव्हा त्याची नजर मळीवर गेली. मुरमाचा भराव टाकून मळी उंच करायची आणि वऱ्हाडाच्या गाड्या तिथं लावायच्या, असा त्याचा बेत. आता मळी उंच झाली तर नदी कुठं पसरणार? खालच्या आळीत. साधा पाऊस चार दिवस लागून राहिला तरी पाणी पहिल्यांदा कंडक्टरबाईंच्या दारात येणार. त्या मला म्हणाल्या, ‘आता परत भिंत बांधायचं बळ न्हाई बघ माझ्यात.’ भरलेल्या गाडीत दारुड्याची गचांडी धरणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकलं आणि मी त्यांच्या ओट्यावरच बसकण मारली.

आमचा गट तिथून सुरू झाला. त्याला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, म्हणून भांडणंही कमी झाली. खालच्या आळीतल्या बायका, वरच्या आळीतल्या आम्ही दोघी-तिघी आणि मळीत वांगी लावणारे एक जैन आजोबा, एवढीच माणसं. आम्ही कंडक्टरबाईंच्या ओट्यावर बसून अर्ज लिहायचो आणि तलाठ्यापासून वरपर्यंत देऊन यायचो. सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, ‘बघतो.’ कंडक्टरबाई न चिडता पुन्हा जायच्या. मी एकदाच गेले आणि साहेबाशी भांडून आले. त्यानंतर गटानं मला कचेरीत न्यायचं बंद केलं.

गावातले पुरुष मात्र हात वर करून मोकळे. का, तर माणूस गावचा जावई! ‘जावयाला कसं बोलायचं गड्या?’ असं एकमेकांना विचारत ते पारावर बसून राहिले. चोराला बोलता येतं, पुढाऱ्याला बोलता येतं, जावयाला नाही.

घरात तर त्याहून कठीण. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. हा जावई त्यांच्या सख्ख्या दिराच्या लेकीचा नवरा, त्यांना मामी म्हणतो. दिवाळीला तो आला की आत्या त्याच्या पायावर पाणी घालायच्या, पाटाभोवती रांगोळी काढायच्या. मी ओट्यावरून परत आले की त्या भांडी आदळायच्या. ‘आपल्याच जावयाच्या इरुद्ध अर्ज लिवतीस? आन् बसतीस कुटं, तर खालच्या आळीत!’ दुसरं वाक्य त्या जरा हळू म्हणायच्या, पण म्हणायच्याच. आत्या वाईट बाई नाहीत. त्यांनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला फुलासारखं जपलं. पण खालच्या आळीतलं पाणी त्या कधी प्यायल्या नव्हत्या, हेही खरं आहे आणि ते मी लपवणार नाही.

पावसाळा सरत आला. उघडीप झाली की भराव सुरू होणार, अशी कुणकुण होती. आम्ही पाळत ठेवायचं ठरवलं. तेवढ्यात म्हाळाचे दिवस लागले, म्हणजे पितृपंधरवडा. आमच्याकडे या दिवसांत कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही. तेव्हा लग्नाच्या लॉनसारखं शुभ काम कोण काढणार? वांगीवाले आजोबा म्हणाले, ‘घट बसंपतूर काय हालत न्हाई बघा.’ सगळ्यांना पटलं. कंडक्टरबाईंना पितर-बितर मान्य नाहीत, पण जावयाला मान्य असणारच, म्हणून त्यांनाही पटलं. आम्ही पाळत सोडली आणि आपापली धुणी काढली.

नवरात्राआधी आमच्याकडे ‘दसरा काढतात’, म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते नदीवर नेऊन धुतात. सगळ्यात मोठं काम वाकळांचं. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून शिवलेली गोधडी. ओली वाकळ उचलायला दोन बायका लागतात आणि वाळवायला मळी लागते. खालच्या आळीच्या बायकाही त्याच दिवसांत येतात. आम्ही घटासाठी धुतो, त्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी. वरच्या आळीच्या वाकळा पिंपळाच्या बाजूला पसरायच्या, खालच्या आळीच्या वाकळा त्यांच्या घरांच्या बाजूला, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी कोरी पट्टी सोडायची. ही पट्टी सोडा असं कुणी कुणाला सांगत नसे. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी मी चुकून तिथं चादर टाकली, तर आत्यांनी काही न बोलता ती उचलून अलीकडे टाकली होती.

त्या दिवशी ऊन लखलखीत पडलं होतं. दोन्हीकडे रंगीबेरंगी वाकळा पसरल्या होत्या, बायकांच्या गप्पांना ऊत आला होता. आणि वरच्या वाटेनं घरघर ऐकू आली. पुढं जेसीबी, मागं मुरमानं भरलेले डंपर. म्हाळाचे दिवस आहेत हे जावयाला आमच्याइतकंच माहीत होतं, आणि म्हणूनच आम्ही बेसावध असणार हेही. गावातून मळीत उतरणारी गाडीवाट नेमकी त्या कोऱ्या पट्टीवर येते. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली ती रिकामी पट्टी म्हणजे गाड्यांसाठी तयार रस्ताच होता. आम्ही नुसत्या बघत राहिलो.

तेवढ्यात ती हाक आली.

‘सरका पुढं! जागा हाय! सरका पुढं!’

कंडक्टरबाई आपल्या वाकळेचं एक टोक धरून ती पट्टीत ओढत होत्या. खालच्या आळीच्या बायका उठल्या, मागोमाग आमच्या. ओल्या, जड वाकळा चिखलातून फरफटत पट्टीत येऊ लागल्या. कुणाची कुणाला लागते आहे, कुणाचं टोक कुणावर पडतं आहे, बघायला कुणाला उसंत नव्हती. जेसीबी उतारावरून खाली आला तेव्हा पट्टी जवळजवळ भरली होती. पिंपळाकडचा एक तुकडा तेवढा उघडा होता, आणि त्याच्या काठावर आत्या उभ्या होत्या. त्यांच्या हातात त्यांची जुनी वाकळ होती. तिच्या आतल्या थरात त्यांच्या आईचं लुगडं आहे आणि माझ्या सासऱ्यांचं धोतर. ती वाकळ त्या मलासुद्धा धुऊ देत नाहीत.

जेसीबी थांबला. चालवणारा कडेगावकडचा तरणा माणूस होता. जावई मागून मोटारीतून उतरला आणि ओरडला, ‘थांबलास काय? चढव गाडी!’

‘आवं, वाकळा हायत न्हवं का ह्या,’ चालवणारा म्हणाला. ‘माणसं निजत्यात ह्याच्यावर. गाडी कशी चढवू?’

‘चिंध्या हायत! चढव म्हणतो ना!’

त्या माणसानं यंत्र बंद केलं. खाली उतरला, चप्पल काढून हातात घेतली आणि वाकळांच्या कडेकडेनं, एकीवरही पाय पडू न देता, चिखलातून चालत पिंपळाखाली जाऊन बसला. त्याच्याबद्दल मला काही माहीत नाही, पण त्याला जन्म देणाऱ्या बाईला माझा नमस्कार आहे.

जावई तरातरा पुढं आला आणि त्या उघड्या तुकड्याकडे निघाला. तेव्हा आत्या हलल्या. त्यांनी वाकळ झटकली आणि त्याच्या पुढ्यात अंथरली, कंडक्टरबाईंच्या वाकळेला अगदी खेटून. वर मांडी घालून बसल्या.

‘मामी, तुमी बी?’ जावई म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला.

‘जावईबापू,’ आत्या म्हणाल्या, ‘घरला या. पाय धुवायला पाणी दीन, जेवू घालीन. पर हिच्यावर पाय द्यायचा न्हाई. चिंध्या न्हाईत ह्या. ह्यात माझी आई हाय.’

कंडक्टरबाई आत्यांच्या शेजारी बसल्या. अंतर राखून नाही, गाडीतल्या दोघांच्या बाकावर बसतात तशा. मी माझ्या तापट डोळ्यांतून घळाघळा रडले आणि धुण्याचं पाणी उडालं असं सांगितलं. कुणाला पटलं नाही.

पुढचं फार रंगवून सांगण्यासारखं नाही. कुणीतरी फोटो पाठवले, संध्याकाळच्या आत ‘बघतो’ म्हणणारे साहेब खरंच बघायला आले. वाकळा अजून ओल्याच होत्या. पंचनामा झाला, काम थांबलं, काही महिन्यांनी मोजणी होऊन हद्दीचे दगड पडले. मळी नदीचीच निघाली. कंडक्टरबाईंनी अर्जांच्या सगळ्या प्रती नीट ठेवल्या होत्या, त्यामुळे साहेबांना नाही म्हणायला वाव राहिला नाही. एवढा चिवटपणा माझ्यात नाही, हे मी मान्य करते. जावयानं वरच्याच रानात लहान लॉन केलं. पहिल्या लग्नाला आम्ही सगळ्या गेलो. बासुंदी चांगली होती.

पुढच्या पावसाळ्यात नदी चढली. मोठ्या पुराएवढी नाही, पण धास्ती वाटावी एवढी. मळीवर पाणी पसरलं, हद्दीचे दगड बुडाले, पिंपळाचा बुंधा दिसेनासा झाला. आत्या सारख्या गच्चीवर जाऊन खालच्या आळीकडे बघायच्या आणि मला विचारायच्या, ‘कंडक्टरबाईच्या दारात गेलं का गं?’ नव्हतं गेलं. ते त्यांच्या पायरीखाली येऊन थांबलं आणि तिथूनच मागं फिरलं. कंडक्टरबाई उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या नव्या भिंतीला ओलसुद्धा लागली नाही.

मग परत म्हाळाचे दिवस आले आणि आम्ही धुणी घेऊन मळीवर उतरलो. मला वाटलं होतं, आता पट्टी राहणार नाही. तसं झालं नाही. सवयीनं पाय वळतात. वरच्या आळीच्या बायका पिंपळाकडे गेल्या, खालच्या आळीच्या त्यांच्या बाजूला, आणि मध्ये तीच कोरी जमीन उरली. मला राग आला.

आत्या मागून सावकाश आल्या. काखेत जुनी वाकळ. पिंपळापाशी थांबल्या नाहीत. सरळ पट्टीच्या मधोमध गेल्या, वाकळ अंथरली, तिची टोकं नीट केली आणि शेजारची जमीन हातानं झाडली. मग कमरेवर हात ठेवून खालच्या बाजूला बघत, उभ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

‘कंडक्टरबाई, जागा धरलीया तुमची! सरका पुढं!’